घरच्या वर्षाचा जमाखर्च : प्रस्तावना

पाकशास्त्रावरील मराठी ग्रंथांची परंपरा लहान नाही. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ साली प्रसिद्ध झाले. लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या 'गृहिणी-मित्रा'ने १९१० साली एक हजार पाकक्रियांचा नजराणा साक्षर मराठी स्त्रीपुढे ठेवला. आणि १९७० साली आलेल्या कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरे'ने वाटी आणि चमचा या दोन घरगुती मापांना इतकी प्रतिष्ठा मिळवून दिली की, माहेराहून दूर संसार मांडणाऱ्या मुलींच्या सामानात भांड्यांच्या जोडीला ते पुस्तकही जाऊ लागले. या सर्वांविषयी पूर्ण आदर बाळगूनही एक गोष्ट नमूद केल्यावाचून राहवत नाही. पदार्थ कसा करावा याचा तपशील पाकपुस्तकांत जितका सूक्ष्म असतो, तितका तो केव्हा करावा याचा नसतो. आमट्या एका प्रकरणात, लोणची दुसऱ्यात, पक्वान्ने तिसऱ्यात, ही मांडणी शोधणाऱ्याच्या सोयीची खरी. परंतु घर त्या क्रमाने चालत नाही. घरात कुरडई आणि आंबापोळी एकमेकींच्या शेजारी वाळत असतात, कारण दोघींना लागणारे ऊन एकच असते. आणि आषाढात मेतकूट-भाताचे जे महत्त्व आहे, ते त्याच मेतकुटाला वैशाखात नसते.

पुढील पानांची रचना म्हणूनच महिन्यांच्या अनुरोधाने केली आहे. बारा महिन्यांचे चरित्र लिहिण्याची ही कल्पना माझी नव्हे. दुर्गाबाई भागवतांनी १९५६ साली 'ऋतुचक्रा'त झाडापानांच्या आणि आभाळाच्या बाबतीत ती सिद्ध करून दाखविली आहे, आणि विशेष हे की, त्याच दुर्गाबाईंनी 'खमंग' लिहून स्वयंपाकघराचाही मान राखला. मी फक्त उंबरठ्याच्या आत राहिले आहे. मात्र पुस्तकाचा आरंभ चैत्रापासून न करता फाल्गुनापासून केला आहे, हा पंचांगाच्या दृष्टीने उद्धटपणा ठरेल. पण त्यामागे एक मत आहे, ते येथेच सांगून टाकणे बरे.

ते मत असे की, मराठी घराचे वर्ष हे मूलतः जमाखर्चाचे वर्ष असते, आणि त्याची पहिली जमा होळीनंतरच्या उन्हात पडते. फाल्गुनापासून मृग नक्षत्र लागेपर्यंत, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, घर सूर्याकडून मिळेल तेवढे ऊन वसूल करून बरण्यांत, डब्यांत आणि कणगीत भरते. पुढे चार महिने ते उघडून उघडून खर्च करते. आणि शरद व हेमंतात, नवे धान्य आणि नवा गूळ घरात येत असताना, हाती थोडी शिल्लक उरते. ज्यांना आपण घरगुती छंद म्हणतो ते सारे या शिलकेवर पोसलेले आहेत. गरज भागल्यावर उरलेला वेळ, उरलेले पीठ, उरलेला दोरा, जीर्ण झालेले पण टाकवत नाही असे लुगडे, यांतून ते निघाले. वेगळी वर्गणी भरून, वेगळे साहित्य आणून जोपासायचा छंद ही कल्पना आपल्याकडे पुष्कळ उशिरा आली. म्हणून या पुस्तकात कुरडई आणि काटेरी हलवा, लोणचे आणि गोधडी यांची प्रकरणे एकाच ओळीने बसविली आहेत. बेगमी आणि हौस यांच्यामध्ये भिंत घालणे मला जमले नाही, आणि घालावी असे वाटलेही नाही.

कुरडईचेच पाहा. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचे, चौथ्या दिवशी ते वाटून, पिळून त्यांतला पांढरा चीक काढायचा, रात्रभर तो स्थिर ठेवायचा, पहाटे वर आलेले निवळ पाणी हलक्या हाताने ओतून टाकायचे, आणि चिकाइतक्याच पाण्याला मीठ-हिंगासह आधण आणून, एकीने चीक ओतायचा तर दुसरीने गुठळी होऊ न देता घोटत राहायचे, असा हा खटाटोप ऊन चढण्यापूर्वी आटोपावा लागतो. कारण शिजलेला चीक गरम असतानाच सोऱ्यातून उतरतो आणि थंड झाला की अडून बसतो. इतके सर्व करून हाती येते काय, तर एक ठिसूळ, पांढरी, हवेने भंगणारी जाळी, जिचे वजन जवळजवळ नाही आणि जी तळल्यावर कढईभर फुलून क्षणात संपते. केवळ पोटाचा विचार केला तर गव्हाचा हा विनियोग कोणत्याही हिशेबनिसाला मान्य होणार नाही. परंतु गरम चिकाची वाटी, तिच्यात तेलाची धार किंवा दूध-साखर घालून, अंगणात कावळे हाकणाऱ्या मुलांच्या हाती मजुरीदाखल पडते, आणि त्या पदार्थाची चव वर्षातून त्याच काही सकाळी घेता येते. एरवी कितीही पैसे मोजले तरी नाही. उन्हाळ्याच्या सुटीत मुलांना घराच्या कारभारात अशी रीतसर नेमणूक मिळत असे, आणि उडदाच्या पापडाच्या कच्च्या लाट्या तेलात बुडवून खाणे हा त्या नेमणुकीचा दुसरा वतनी हक्क होता.

प्रत्येक मुलखाची जमा वेगळी. खानदेशात ज्वारीचे बिबडे, मराठवाड्यात बाजरीच्या खारोड्या, विदर्भात काडीवर कणीक गुंडाळून वाळविलेले पोकळ सरगुंडे, जे शिजवून आमरसाबरोबर खातात. कोल्हापुराकडे कांदा-लसूण घालून कुटलेला वर्षाचा तिखट मसाला, तर पुण्याकडे दगडफूल, नागकेशर, तीळ आणि सुके खोबरे यांनी काळसर झालेला गोडा मसाला. कोकणात आणि गोव्यात या दिवसांत रातांब्यांची साले त्यांच्याच रसात मीठ घालून भिजवायची आणि वाळवायची, पुन्हा भिजवायची आणि पुन्हा वाळवायची, असा क्रम चालतो, तेव्हा कुठे ती काळी, लवचीक आमसुले तयार होतात. उरलेल्या खारट रसाचे आगळ होते. फणसाच्या आणि आंब्याच्या पोळ्यांतही थरावर थर देण्याचा हाच धीर लागतो. आणि हे सांगताना वाळवण म्हणजे पापड-कुरडया एवढेच, असा जो मध्यमवर्गीय समज छापील मजकुरातून रूढ झाला आहे, तो मोडून काढणे अवश्य वाटते. किनाऱ्यावरील कोळीवाड्यांत बांबूंच्या मांडवांवर जोडीजोडीने लटकणारे बोंबील, वाळूवर पसरलेला जवळा आणि सुकट, ही तितकीच शास्त्रशुद्ध बेगमी आहे. नारळी पौर्णिमेला सागराला श्रीफळ अर्पण होऊन होड्या पुन्हा पाण्यात जाईपर्यंत त्या घरांच्या कालवणाला तिचाच आधार असतो, आणि देशावरच्या भाकरीलाही ती चुलीत भाजलेल्या बोंबलाच्या रूपाने साथ देते.

लोणच्याविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण त्याच्याभोवती विधिनिषेधांचे फार मोठे दफ्तर साठले आहे. मीठ कैरीतले पाणी ओढून घेते, मोहरीची पूड कीड-बुरशीला आवर घालते, आणि फोडींच्या वर बोटभर राहिलेला तेलाचा थर हवेला आत शिरू देत नाही. एवढ्या तीन पहारेकऱ्यांवर वर्षभराची राखण चालते. बरणी उन्हात तापवून घ्यावी, फोडी पुसून कोरड्या कराव्यात, तोंडाला दादरा घट्ट बांधावा, पावसाळी हवेत बरणी वारंवार उघडू नये, हे सारे नियम याच तत्त्वातून निघालेले आणि सर्वस्वी योग्य आहेत. विटाळशीने बरणीला शिवू नये या दंडकाला मात्र काडीचाही आधार नाही. लोणचे नासते ते ओल्या हाताने आणि ओल्या चमच्याने, आणि तो हात घरातल्या कोणाचाही, बहुधा जेवताना घाईने उठलेल्या पुरुषाचा, असू शकतो.

येथे श्रमांचा प्रश्न उपस्थित होतो, आणि त्याला बगल देऊन घरगुती सुखाचे गोडवे गाणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. उन्हाळ्याची ही सारी जमा बायकांच्या पाठीवर आणि मनगटांवर पडत असे. पापडाचे पीठ वरवंट्याने किंवा मुसळाने तासन्‌तास कुटताना म्हटलेली गाणी कानाला गोड लागतात, पण ती मुसळाचे ओझे विसरण्यासाठी म्हटलेली असतात. आजूबाजूच्या चार घरच्या बायका पोळपाट-लाटणे घेऊन आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे अशा जमत, या सहकाराला बाजारात किती किंमत आहे, हे फार उशिरा उमगले. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात गुजराती स्त्रियांनी ऐंशी रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला घेतले. पहिल्या दिवशी त्यांची चार पाकिटे झाली, आणि त्यातूनच पुढे 'श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड' ही हजारो स्त्रियांची संस्था उभी राहिली. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात हे उदाहरण उद्योजकतेचे म्हणून देतात. मला त्यात उन्हाळी अंगणाला मिळालेली उशिराची मजुरी दिसते.

या कष्टांच्या शेजारीच, त्याच दुपारी, त्याच ओसरीवर, काही निराळेही चालू असे. रवा-मैदा दुधात भिजवून, त्याची इवलीशी गोळी चिमटीत धरून दोन बोटांमध्ये वळली की जवाच्या दाण्याएवढा गव्हला पडतो. नखाने दाबून काढली की नखुली होते. त्यांच्याच कुळातल्या मालत्या आणि बोटवी. लग्नघरच्या रुखवतात ही वळवटे ताटांत रचून मांडीत, आणि त्यांची खीर होत असे. खिरीला शेवया चालतात, तांदूळ चालतो, काहीच नसले तर रवाही चालतो. तेव्हा दुपारच्या दुपार खर्ची घालून हजारो दाणे बोटांनी वळण्याची निकड कसलीच नव्हती. म्हाताऱ्या, ज्यांच्या हातून आता मुसळ उचलत नसे, त्या भिंतीला टेकून, दृष्टी अंधुक झालेली असतानाही, केवळ स्पर्शाच्या अंदाजाने एकासारखा एक दाणा ताटात पाडीत, आणि दुसरीच्या ताटात डोकावून तिचे दाणे जाड पडतात अशी टीकाही करीत. शिलकेवर पोसलेला छंद म्हणतात तो हाच.

मृग लागला की खर्चाचे खाते उघडते. खर्चाच्याही रीती आहेत, आणि त्यांतली सर्वांत विनोदी आषाढ शुद्ध नवमीची. दोन दिवसांनी येणाऱ्या एकादशीपासून चातुर्मासात ज्या घरांत कांदा-लसूण वर्ज्य, त्या घरांत कांदेनवमीला कांद्याची भजी, कांद्याचे थालीपीठ, कांद्याची पीठ पेरलेली भाजी, असा कांद्याचा सर्वांगीण निरोपसमारंभ होतो. संयमाची पूर्वतयारी अतिरेकाने करण्याची ही युक्ती धर्मशास्त्रात बसो वा न बसो, मनुष्यस्वभावात चांगली बसते. वांगे तर पुष्कळ घरांत याहून लांबची रजा घेते, आणि मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्यात भरीत होऊन रुजू होते. कोठीतला साठा पुरवून वापरण्याच्या या दिवसांत रान मात्र अनपेक्षित जमा पाठवीत असते. ठाणे, पालघर, रायगडच्या आदिवासी बायका पाट्यांतून शेवळे, टाकळा, भारंगी, कुर्डू, फोडशी, करटोली घेऊन बाजाराच्या कडेला बसतात. शेवळ्यांची खाज काकडांच्या आंबटपणाने मारावी लागते, टाकळा कोवळा असेल तरच घ्यावा, हे ज्ञान त्या भाजीबरोबर फुकट देतात, आणि शहरी गिऱ्हाईक तरीही जुडीच्या दराची घासाघीस करते.

आणि अखंड धार लागली, बाजारात जाणे अशक्य झाले, अंगात कणकण आहे अशी शंका आली, की मऊ भात, मेतकूट, तुपाची धार आणि पोह्याचा भाजलेला पापड. कोकणात त्याऐवजी कुळथाचे पिठले. मेतकूट म्हणजे डाळी, तांदूळ, गहू वेगवेगळे भाजून, हळद, जिरे, मेथी, सुंठ घालून केलेले पीठ. ते उन्हाळ्यातच दळून ठेवलेले असते. आजाऱ्याच्या आणि आळशाच्या, दोघांच्याही भोजनाची तजवीज कोणीतरी चार महिने आधी करून ठेवलेली होती, या जाणिवेने त्या भाताची चव वाढते, असे माझे मत आहे; डाळीच्या भाजणीला त्याचे थोडे श्रेय द्यावे लागेल. याच दुपारी सागरगोटे आणि सोंगट्या बाहेर पडतात, श्रावणातल्या कहाण्या वाचल्या जातात, आणि नागपंचमीला चिरणे-तळणे निषिद्ध म्हणून पुरणाची दिंडे वाफेवर उकडतात. कोकण-गोव्यात हळदीच्या पानातल्या पातोळ्या.

भाद्रपदापासून दिवाळीपर्यंतच्या सणांविषयी सर्वत्र इतके लिहिले गेले आहे की येथे त्यांची नुसती हजेरी घेऊन पुढे जाते. दिवाळीच्या बाबतीत दोनच नोंदी कराव्याशा वाटतात. एक किल्ल्यांची. फराळाच्या सुवासात मोठी माणसे गुंतली असताना मुलांनी अंगणात दगडमातीचा किल्ला रचायचा, त्यावर आळीव पेरून हिरवळ उगवायची, बुरुजांवर मावळे उभे करायचे, हा उद्योग स्थापत्य, शेती आणि इतिहास यांचे एकत्र शिक्षण देतो आणि त्यासाठी कोणाचीही परवानगी लागत नाही. चिखलाविषयी बोलणी मात्र खावी लागतात. दुसरी नोंद वाचनाची. का. र. मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजना'चा दिवाळी अंक काढला आणि चकली-शेवेच्या पंक्तीला साहित्य येऊन बसले. अंकाच्या पानांवर पडलेले तुपाचे बोट हे मराठी वाङ्मयाच्या लोकप्रियतेचे अस्सल प्रमाण मानावे, असे मला अनेकदा वाटले आहे.

हेमंत हा खऱ्या सुखाचा ऋतू. हुरड्याची आगटी, बाजरीची भाकरी आणि लोण्याचा गोळा, डिंकाचे लाडू, भोगीची मिसळीची भाजी, यांचे तपशील त्या त्या प्रकरणांत येतील. काटेरी हलव्यावर मात्र येथेच लिहिते, कारण या पुस्तकाच्या मताचा तो सर्वांत बळकट साक्षीदार आहे. मंद निखाऱ्यांवर परात ठेवायची, तीत तीळ किंवा खसखस घ्यायची, एकतारी पाकाचे चार थेंब टाकायचे आणि बोटांच्या टोकांनी ते दाणे फिरवीत राहायचे. पाक सुकला की पुन्हा चार थेंब. ही क्रिया एका बैठकीत संपत नाही, दिवसेंदिवस चालते. आच वाढली तर काटा मोडतो, हात थांबला तर दाणे एकमेकांना चिकटतात, हवा दमट असली तर काटा उगवतच नाही. म्हणून हलवा पौष-माघाच्या कोरड्या थंडीत, पहाटे करतात. साखरेचे थर एकावर एक स्फटिकरूपाने बसत जाऊन त्यांचे टोक निघते, एवढीच त्यामागची उपपत्ती. पण ते टोक निघेपर्यंत बोटांची टोके भाजून निघतात. मग हे पांढरे काटेरी दाणे दोऱ्याने गुंफून नव्या सुनेसाठी मंगळसूत्र, बाजूबंद, मुकुट, बोरन्हाणाच्या बाळासाठी बाळलेणे करायचे आणि काळ्या चंद्रकळेवर ते चांदण्यासारखे दिसावे म्हणून धडपडायचे. जावयासाठी हलव्याचे घड्याळ होत असे. अलीकडे भ्रमणध्वनीही होतो असे पाहण्यात आले, आणि त्याला नावे ठेवण्याचे कारण दिसत नाही. साखर आणि तीळ यांचा याहून अल्प खर्चात याहून अधिक कष्टाचा उपयोग शोधून सापडणार नाही.

गोधडीचा हिशेब उलट आहे; तिच्यात हौस आधी दिसते आणि गरज आत असते. जुनी सुती लुगडी एकावर एक अंथरून कडेपासून धावदोरा घालीत आत आत जायचे, इतकी सोपी तिची कृती. परंतु कोणते लुगडे वरच्या बाजूला यावे याबद्दल घरात जे खल होतात, त्यांत घराण्याचा इतिहास उलगडतो. आजीच्या अंगावरचे इरकल पांघरताना नातवाला थंडी वाजत नाही याचे कारण सुताचे थर आणि त्यांच्यात कोंडलेली हवा हे आहे, हे मी जाणते. नातवाची समजूत निराळी असते, आणि ती बदलण्याचा मी प्रयत्न करीत नाही. मुंबई आकाशवाणीवरचे 'वनिता मंडळ' ऐकत विणलेले लोकरीचे स्वेटर आणि क्रोशाची ताटझाकणी यांना याच प्रकरणात जागा दिली आहे. रेडिओमुळे कान गुंतले आणि हात मोकळे राहिले, ही गोष्ट हातकामाच्या पथ्यावर पडली. पुढे जी साधने आली त्यांनी डोळेही मागितले.

आता या सर्वाची आवश्यकता उरली आहे काय, असा प्रश्न विचारला जाईल. शीतकपाट बारा महिने चालते, मटार ज्येष्ठात मिळतो, गच्ची गृहनिर्माण संस्थेच्या कुलपात असते आणि ऊन शेजारच्या इमारतीने अडविलेले असते. गरज संपली, हे मान्य करणे भाग आहे. पण गरज संपल्यावर माणसांनी काय चालू ठेवले, हे पाहण्यासारखे आहे. जयंतराव साळगावकरांचे 'कालनिर्णय' १९७३ पासून घरोघरी भिंतीवर आले, आणि तिथी-वारांच्या पाठीमागच्या पानावर पाककृती छापण्याची त्याची पद्धत इतकी सहज वाटली की, पंचांग आणि पाकशास्त्र ही एकाच कागदाच्या दोन बाजू आहेत यात कोणालाही नवल वाटले नाही. परदेशी गेलेली मुले खिडकीत तापकाचे कढत वारे सोडून कुरडया वाळवीत नाहीत. ती विकत आणतात. परंतु संक्रांत आली की त्यांच्याही घरात तीळ भाजले जातात, आणि हौस असलेली एखादी, वायूच्या शेगडीवर तवा व तव्यावर परात ठेवून, हलव्याला काटा येतो का हे पाहत बसते. बेगमी सुटली, शिलकेतला छंद तेवढा उरला.

पुस्तक वापरणाऱ्यांसाठी थोड्या सूचना. प्रमाणे शक्य तेथे वाटी-चमच्यात दिली आहेत. मसाल्यांची आणि लोणच्यांची वजनांत, कारण वाट्या घरोघरी निरनिराळ्या आणि मिठाची चूक वर्षभर भोवणारी. उन्हाचे दिवस दिले आहेत ते देशावरच्या उन्हाचे. मुंबईत आणि किनाऱ्यावर दमट हवेमुळे एक-दोन दिवस वाढवावे लागतील. ज्या पदार्थांच्या रीती घराघरांत बदलतात, तेथे एकच रीत प्रमाण न मानता दोन-तीन दिल्या आहेत, आणि त्यांतली आपली सापडली नाही तर समासात लिहून ठेवण्यास जागा सोडली आहे. गव्हल्यांच्या प्रकरणाला प्रमाण मुळीच दिलेले नाही. किती लागतील हे पंगतीवर आणि किती होतील हे वळणाऱ्या बोटांवर अवलंबून. त्याऐवजी तेथे एका गव्हल्याची आकृती खऱ्या आकारात छापली आहे. आपला दाणा तिच्यावर ठेवून पाहावा, आणि मोठा वाटला तर मोडून पुन्हा वळावा.